उपाशी वाफा

तिला पगार मिळायचा तो एका वाफ्याला काहीही मिळू नये यासाठी. इतर कामंही होती. बाटल्या विसळायच्या, पर्जन्यमापकातलं पाणी मोजायचं, कणसं कापून तोलायची. पण ती कुणालाही जमली असती. काहीही न देण्याला मात्र माणूस लागतो, असं साहेब म्हणायचे, आणि तो माणूस ती होती.

शहराच्या कडेला, जिथे गोदामं संपतात आणि विजेच्या तारा एकट्याच पुढे जातात, तिथे संशोधन केंद्र होतं. मागे शेत. शेतात गव्हाचे सारख्या मापाचे वाफे, मधून अरुंद पायवाटा, प्रत्येकाच्या डोक्याशी पत्र्याची पाटी. एका वाफ्याला युरिया थोडा, दुसऱ्याला जरा जास्त, तिसऱ्याला भरपूर, एकाला नुसतं शेणखत, आणि कोपऱ्यातल्याला काहीच नाही. त्याच्या पाटीवर फक्त एक शून्य. अगदी असेच वाफे, याच मापाचे, अशाच पायवाटांचे, आणखी कितीतरी देशांत होते. तिथली माणसं पेरणीची हीच रीत आणि कापणीची हीच रीत पाळत, आणि वर्षाच्या शेवटी सगळे आपापले आकडे एकत्र करत. त्यांनी एकमेकांची तोंडं क्वचितच बघितली होती; पण कुणाच्या वाफ्याला काय झालं हे त्यांना सख्ख्या भावाच्या घरातल्या गोष्टींपेक्षा जास्त ठाऊक असायचं.

या सगळ्या खटाटोपाचं कारण साधं होतं. शेतात टाकलेल्या खतातलं नत्र पीक जेमतेम निम्मं खातं. उरलेलं विहिरीत उतरतं, नदीत जातं, हवेत उडतं. शहराच्या तळ्यावर दर उन्हाळ्यात हिरवी साय धरायची आणि मासे पोट वर करून कडेला यायचे. दवाखान्यात बाळंतिणींना बजावून सांगत, बाळाच्या दुधात विहिरीचं पाणी घालू नका. तेव्हा किती खत पुरे, हे सरकारांना सांगायचं होतं, आणि त्यासाठी वजाबाकी करावी लागते. पिकाला हवं असतं त्यातून माती स्वतःहून देते तेवढं वजा करायचं; उरलं ते खत. माती स्वतःहून काय देते हे शून्य वाफा सांगतो. शून्य वाफा खोटं बोलला तर वजाबाकी खोटी, आणि वजाबाकीखाली सही मंत्र्यांची.

म्हणून नियम कडक. वाफ्यात जायचं तर आधी पायताण हौदात धुवायचं. पालापाचोळा पडला तर उचलायचा. चूळ भरायची नाही, थुंकायचं नाही, चहाचा चोथा झाडायचा नाही. शेजारच्या वाफ्यात युरिया टाकायचा तो वारा पडलेला असताना. पाखरांना हाकलायला ती पत्र्याचा डबा वाजवायची. ती इतकी चोख होती की केंद्राच्या जीपवाल्यानं तिचं नाव शून्यबाई ठेवलं होतं.

"शून्यबाई, वाफ्याला आज काय वाढलं?"

"तुझ्या डोक्यात आहे तेवढंच."

"म्हणजे पोट भरलं की त्याचं."

तिचा नवरा दूरच्या एका धरणावर नोकरीला होता. महिन्यातून एकदा यायचा, कपडे धुवायला टाकायचा, धुतलेले घेऊन जायचा. तिची त्याबद्दल तक्रार नव्हती. ज्याला काही द्यावं लागत नाही अशा गोष्टीशी कसं वागायचं, याचा तिला सराव होता.

आई गेली तेव्हा तिनं बाबांना आपल्याकडे आणलं. केंद्राचं दोन खोल्यांचं घर वाफ्यांना लागूनच होतं. मागचं दार उघडलं की समोर शून्याची पाटी. बाबा जन्मभर एका वसतिगृहात आचारी होते. वाढायचेही तेच. आपल्या हातचं खाऊन कुणी उपाशी उठलं नाही, एवढीच त्यांची मिळकत होती आणि ती ते कुणी न विचारताही सांगायचे. पहिल्याच सकाळी ते मागच्या दारात उभे राहिले आणि बराच वेळ त्या कोपऱ्याकडे बघत राहिले. बाकीचे वाफे मांडीएवढे, गडद. हा गुडघ्याखाली, पिवळट, आजाऱ्याच्या दाढीसारखा विरळ.

"याला काय झालंय?"

"काही नाही झालं. त्याला नत्र मिळत नाही."

"का?"

"द्यायचं नाही म्हणून."

"मग ते मिळतं कुठे?"

"खतात. तसं हवेत पण असतं. हवा म्हणजे बरंचसं तेच. पण पिकाला ते हवेतून घेता येत नाही."

बाबांनी यावर विचार केला. "म्हणजे मुलाला स्वयंपाकघरात बसवायचं, चारी बाजूंनी वास येऊ द्यायचा, आणि ताट पालथं."

"बाबा, तो वाफा आहे."

"मी कुठे म्हटलं मुलगा आहे म्हणून."

तिनं त्यांना नियम समजावले. एकेक करून, बोटं दुमडत. खत घालायचं नाही. खरकटं टाकायचं नाही. राख नाही, पाला नाही, भांड्याचं पाणी नाही. पायताण धुतल्याशिवाय पाऊल नाही. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. ते नियमाचे पक्के होते. वसतिगृहात पानात काही टाकणाऱ्या मुलाला ते दुसऱ्या दिवशी वाढत नसत.

पुढच्या हंगामात शून्य वाफा जरा उजळला. त्याच्या पुढच्या हंगामात तो मांडीपर्यंत आला. पानांचा रंग जुळवून बघायची एक पट्टी असते, फिक्या हिरव्यापासून गडद हिरव्यापर्यंत. ती लावून बघताना तिला रंग दर वेळी एक घर पुढे सापडायचा. तिनं साहेबांना सांगितलं. साहेब आले, पायताण धुऊन वाफ्यात उतरले, उकिडवे बसले, मूठभर माती घेऊन तिचा वास घेतला. त्यांच्या चेहऱ्यावर, लग्नाला बरीच वर्षं झालेल्या माणसाला बायकोचा नवाच गुण कळावा, तसा भाव होता.

"आपली माती दानशूर आहे," ते म्हणाले.

हे वाक्य पुढे फार लांब गेलं. साहेबांच्या मते या मातीत काही निराळे जीवाणू होते, जे हवेतलं नत्र पिकाला देत होते. पाहणी झाली. वाफा कुठे डागाळलेला नव्हता, एका बाजूला दाट आणि दुसऱ्या बाजूला विरळ असंही नव्हतं; सगळीकडे सारखा. कुणी चुकून खत सांडलं असतं तर पुंजके दिसले असते. गुरं शिरली असती तर ठिपके दिसले असते. इतका एकसारखा हिरवेपणा मातीतूनच येऊ शकतो, असं साहेबांनी लिहिलं आणि ते छापून आलं. इतर देशांतल्या वाफेवाल्यांनी अभिनंदन केलं. दोघांतिघांनी माती मागवली. शेतात पुरलेल्या नळ्यांतून झिरपलेलं पाणी ती बाटल्यांत भरून द्यायची. शून्य वाफ्याखालच्या पाण्यातही नत्र दिसू लागलं. साहेब म्हणाले, दानशूर माणसाच्या हातून थोडं सांडायचंच.

तिलाही त्या वाफ्याचं कौतुक वाटायला लागलं होतं. तो तिच्या हातातला होता. तिची नोकरी कायम झाली होती ती याच काळात. आणि पुढच्या वर्षी सगळ्या देशांची बैठक परदेशात भरणार होती, तिथे वाफ्याची देखभाल कशी केली हे तिनं सांगावं असं ठरत होतं. घरात पासपोर्टसाठी काढलेले फोटो आले होते. त्यांत ती शून्य वाफ्यासारखी, काही न मिळाल्यासारखी दिसत होती.

मग मंत्रालयाचा मसुदा आला. नदीच्या खालच्या खोऱ्यात, जिथे तळं आणि विहिरी सगळ्यांत वाईट झाल्या होत्या, तिथे प्रत्येक शेताला सवलतीत मिळणारं खत एक तृतीयांशानं कमी करायचं. आधार काय, तर हा वाफा. माती स्वतःच एवढं देत असेल तर वरून एवढं कशाला? खात्याचा उपसचिव मसुद्यावर शेवटचा हात फिरवायला केंद्रात येणार होता, आणि त्याच्याबरोबर सगळ्या देशांच्या वाफ्यांचा मेळ घालणारी शास्त्रज्ञ बाई. ती परदेशी होती आणि दारातून आत येताना वाकायची, म्हणून केंद्रात तिला उंच बाई म्हणत. तरुणपणी ती याच शहरात शिकली होती. इथली भाषा बोलायची, पण पुस्तकात छापल्यासारखी, एक शब्द न गाळता.

हे पाहुणे यायच्या आदल्या आठवड्यात एका सकाळी शून्यबाई रोजच्यापेक्षा लवकर उठली. पाहुणे यायच्या आत पायवाटांच्या कडा छाटून घ्यायच्या होत्या. मागचं दार उघडंच होतं. हौदाशी पाणी सांडलेलं होतं. बाबा शून्य वाफ्यात उभे होते, तिच्याकडे पाठ करून, मान जराशी खाली. तिला वाटलं, पीक बघतायत. मग तिला दिसलं की ते हळूहळू पुढे सरकतायत, एकेक पाऊल, आणि जिथे थांबायला हवं होतं तिथे थांबत नाहीत.

ती त्यांचं आटपेपर्यंत दारातच थांबली. वडील होते.

"बाबा, हे काय?"

"काय काय?" ते पायजम्याची नाडी बांधत बाहेर आले.

"तुम्ही वाफ्यात लघवी करता?"

"मग न्हाणीत गेलो की तुझी झोप मोडते."

"कधीपासून?"

"आलो तेव्हापासून." त्यांना तिच्या चेहऱ्याचा अर्थ लागेना. "चपला धुऊन जातो. रोज."

"बाबा, मी सांगितलं होतं ना, याला काही घालायचं नाही म्हणून."

"तू म्हणालीस खत नाही. नाही घातलं. राख नाही, खरकटं नाही, भांड्याचं पाणी नाही. एवढ्यातलं एक तरी घातलं असेन तर सांग." मग आवाज जरा खाली आणून म्हणाले, "एवढ्या सगळ्यांना मिळतं, त्याला एकट्याला नाही. मला बघवेना. माझ्यापाशी दुसरं काय आहे द्यायला?"

"आणि असं चालत चालत?"

"एकाच जागी कसं चालेल? वाढपी ओळीनं जातो. आज या कडेनं सुरू केलं तर उद्या त्या कडेनं. कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही."

तिच्या लक्षात आलं की ज्या एकसारख्या हिरवेपणावर साहेबांनी पानंच्या पानं लिहिली, तो जन्मभर वाढलेल्या हाताचा होता. म्हाताऱ्याच्या लघवीत युरियाच असतो, हे तिला माहीत होतं. केंद्रातल्या सगळ्यांनाच माहीत होतं. शेळी शिरली असेल, कबुतरं बसत असतील, इथपर्यंत सगळ्यांनी विचार केला होता. बाबांचा कुणी केला नव्हता.

"आता बंद करा," ती म्हणाली.

"बंद करतो." ते आत जाता जाता थांबले. "एकदम? हळूहळू सवय मोडली तर?"

"तुमची?"

"त्याची."

दिवसभर तिनं कडा छाटल्या. बोलायचं की नाही, हा प्रश्न तिच्याबरोबर पायवाटेनं सरकत राहिला. न बोलावं तर खोऱ्यातल्या शेतांना एक तृतीयांश खत कमी मिळणार, आणि तिथली माती दानशूर नव्हती. तिथे बाबा नव्हते. एक हंगाम पीक पिवळं पडलं की नत्राबद्दल कुणी काही बोलायला गेलं तर लोक दारं लावून घेतील, आणि तळ्यावरची साय पुढची पंचवीस वर्षं कुणी हलवणार नाही. बोलावं तर हा वाफा यादीतून जाणार. तिच्या जन्माआधीपासून कुणी ना कुणी तो उपाशी ठेवला होता, आणि नेमका तिच्या हातात तो जेवला होता. शिवाय कुठल्या तरी परदेशी टेबलाभोवती बसलेली अनोळखी माणसं तिच्या बापाच्या लघवीवर गंभीर चेहऱ्यानं बोलणार.

दुसऱ्या दिवशी ती साहेबांच्या खोलीत गेली. साहेब भिंतीवर लावायचा आलेख सरळ आहे का ते बघत होते.

"साहेब, शून्य वाफ्यात काहीतरी पडतंय."

"पाखरं का?"

"पाखरं नाही."

"मग? ताकाला जाऊन भांडं काय लपवतेस? बोल."

तिनं सांगितलं. थोडक्यात, जसं एखाद्या बाटलीचं झाकण सैल होतं असं सांगावं, तसं. साहेबांच्या हातातला आलेख खाली आला. ते खुर्चीत बसले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, आणि तिच्याकडे न बघता खिडकीतून वाफ्याकडे बघितलं.

"रोज?"

"पोट बिघडलं तर नाही."

"जीवाणू नाहीत म्हणजे."

"असतील. पण ते काही देत नसतील."

बाहेर जीपवाला जीप धुवत होता. पाण्याचा आवाज येत होता आणि त्या आवाजाचा दोघांनाही त्रास होत होता.

"आणखी कुणाला माहीत आहे?"

"नाही."

"हे बघ," साहेब म्हणाले. "खत कमी व्हायला हवं, हे खरं की खोटं?"

"खरं."

"नदी मरतेय, हे खरं की खोटं?"

"खरं."

"आकडा चुकला असेल. दिशा चुकलेली नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा खात्यानं आपलं ऐकलंय. आता जाऊन सांगायचं की साहेब, माफ करा, ती लघवी होती? हसतील. नुसते या वाफ्याला नाही, सगळ्यांच्या सगळ्या वाफ्यांना हसतील. खतवाले तर पेढीवर फ्रेम करून लावतील."

"आणि पीक पिवळं पडलं तर?"

"तेव्हाचं तेव्हा बघू." मग ते हळू आवाजात म्हणाले, "तू आता थांब. तुझ्या बाबांना मी काही बोलणार नाही."

साहेब वाईट माणूस नव्हते, ही यातली अडचण होती. वाईट असते तर तिला लगेच उत्तर देता आलं असतं.

घरी बाबा बटाटे सोलत होते. तिनं त्यांना सांगितलं की बहुतेक तिला हे सगळ्यांसमोर सांगावं लागेल.

"सांग की. मी काय चोरलं?"

"चोरलं नाही. दिलंत."

"मग झालं."

"बाबा, त्या वाफ्याचे सगळे आकडे वाया जाणार. तुम्ही आल्यापासूनचे."

"सगळे?"

"सगळे."

बाबा सोलत राहिले. साल काढून झालेला बटाटा त्यांनी पुन्हा एकदा सोलला, आणि मग आणखी एकदा, जोवर तो लिंबाएवढा झाला. "मला वाटलं, तुला कळत असेल," ते म्हणाले. "इतका हिरवा झाला. मला वाटलं, कळतंय पण बोलत नाही."

बैठक केंद्राच्या लांबट खोलीत झाली. उपसचिव, साहेब, उंच बाई, आणि पडद्यावरची चित्रं पुढे सरकवायला ती. उपसचिव व्यवस्थित माणूस होता; त्यानं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. साहेब बोलू लागले. नदीचं चित्र झालं, तळ्याचं झालं, इतर देशांच्या वाफ्यांचं झालं. मग शून्य वाफ्याचं आलं, आणि साहेब पाणी प्याले. खोकले. त्या चित्राबद्दल बोलायला त्यांच्याकडे छापील दोन पानं होती.

"पुढे घ्या," साहेब तिला म्हणाले.

तिनं पुढे घेतलं नाही.

"या वाफ्यात माणसाची लघवी पडत आली आहे," ती म्हणाली. "रोज सकाळी. चार हंगाम. माझ्या वडिलांची. माती काही देत नव्हती."

उपसचिवानं पेनाचं टोपण काढलं. "हे नोंदवायचं आहे का?"

"आहे," साहेब म्हणाले. ते उठून उभे राहिले होते, आणि आता बसावं की नाही हे त्यांना कळत नव्हतं. "मला गेल्या आठवड्यात कळलं. मीच तिला थांब म्हटलं होतं. हेही नोंदवा."

उंच बाईनं दोघांकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. एखाद्या लांबच्या नातलगाचा शेवटी पत्ता लागावा, तसं काहीतरी होतं. "आपले वडील या क्षणी उपलब्ध आहेत का?" तिनं विचारलं.

बाबांना बोलावलं. ते धुतलेला सदरा घालून आले, आणि त्यांना खुर्ची दिली गेली. उंच बाईनं त्यांना जे विचारलं ते अजून कुणी कधी विचारलं नव्हतं: दिवसात पाणी किती पितात, जेवणात डाळ असते का, औषधं कुठली, कडेपासून कडेपर्यंत जायला किती वेळ. बाबांनी सगळ्याची उत्तरं दिली, ताठ बसून, वसतिगृहाच्या तपासनिसाला दिली असती तशी. आपण पुरतं पाणी पितो की नाही याची त्यांना थोडी शंका होती, तीही त्यांनी सांगितली.

"आपण हे कोणत्या हेतूने केलेत?"

"तो उपाशी होता, बाई."

उंच बाईनं मान डोलावली आणि ते लिहून घेतलं. मग तिनं तिच्या देशातल्या शून्य वाफ्याबद्दल सांगितलं. तो तिच्या आजोबांच्या वयाचा होता. त्याला कधी कुणी काही दिलं नव्हतं. पण आसपास डुकरांचे मोठे मोठे गोठे झाले, त्यांतून नत्र वाफेसारखं हवेत चढलं, वाऱ्याबरोबर आलं आणि पावसातून खाली पडलं. वर्षानुवर्षं, कुंपण असताना, कुणीही आत पाय न टाकता. "आमचा वाफा गेली कित्येक वर्षे खोटे बोलत आहे," ती म्हणाली. "आम्ही आता प्रथम पाऊस मोजतो आणि मग गहू. पूर्णपणे उपाशी अशी जागा पृथ्वीवर शिल्लक आहे का, याबद्दल मला शंका आहे. तुमच्या बाबतीत एवढे बरे की ढगाला विचारता येत नाही. यांना विचारता आले."

"मग माझ्या मसुद्याचं काय?" उपसचिव म्हणाला.

"त्यातला आकडा खोडावा लागेल."

"आकडा खोडला तर मसुद्यात उरतं काय?"

"नदी," उंच बाई म्हणाली.

उपसचिवानं घड्याळ उचलून मनगटावर बांधलं. फाइल मागे गेली.

वाफ्याचे ते चारही हंगाम सगळ्या देशांच्या हिशेबातून वगळले गेले. साहेबांनी आपला छापलेला लेख दोन ओळींची सूचना देऊन मागे घेतला; कारण दिलं होतं, बाह्य स्रोत. तिनं ती सूचना बाबांना वाचून दाखवली.

"बाह्य स्रोत म्हणजे मी?"

"हो."

"नाव नाही घातलं?"

"नाही."

"बरं," बाबा म्हणाले, पण त्यांना थोडं लागलं.

तिचं परदेशात जाणं रहित झालं. परदेशातल्या त्या बैठकीत नियमावलीत एक कलम मात्र वाढलं: वाफ्याजवळ राहणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या नातेवाइकांनाही सर्व नियम समजावून द्यावेत. ते आता सगळ्या देशांत लागू होतं आणि कुठेच त्याचं कारण लिहिलेलं नाही. जीपवाल्यानं बरेच दिवस दम धरला होता. मग एकदा त्याला राहवलं नाही.

"कुंपणानं शेत खाल्लं, हे ऐकलं होतं बाई. कुंपणानं शेताला जेवू घातलं, हे पहिल्यांदाच."

"झालं बोलून?"

"झालं."

"मग जीप काढ. बाटल्या पोचवायच्यात."

त्या उन्हाळ्यात तळं आणखी हिरवं झालं आणि पालिकेनं काठावर पाण्यात उतरू नये अशी पाटी लावली. साहेबांनी, उंच बाईनं आणि आणखी तीन देशांतल्या माणसांनी मिळून वजाबाकी पहिल्यापासून मांडली. खोऱ्यातच जागोजागी नवे वाफे आखले. वर्षभरानं निघालेला हुकूम आधीपेक्षा पुष्कळ लहान होता, एका तालुक्यापुरता. तेवढ्यावर सही झाली. साहेब आता मातीबद्दल काही बोलायचे नाहीत. आकडे मात्र दोनदा तपासायचे, आणि तिच्यासमोरच.

तिला एकच काम सांगितलं होतं. वाफा पुन्हा खाली आणायचा. मातीत साठलं असेल ते पिकाकरवी काढून घ्यायचं, कापणी झाली की काडीनं काडी बाहेर न्यायची, आत काही टाकायचं नाही. तो पुरता उतरेपर्यंत त्याचा आकडा कुणी विचारणार नव्हतं. तो उतरलाच नाही तर पाटी काढून टाकायची होती. पहिल्या हंगामात तो हट्टानं हिरवा राहिला. ती रोज पट्टी लावून बघायची आणि रंग तिथल्या तिथेच असायचा. बाबा न्हाणीतच जात; दाराला आतून कडी लावत आणि बाहेर आल्यावर तिला ऐकू जाईल इतपत खाकरत.

दुसऱ्या हंगामात, इतर वाफे मांडीपर्यंत आले असताना, हा मागे थबकला. खालची पानं टोकाकडून पिवळी पडू लागली आणि तो पिवळेपणा देठापर्यंत उतरला. एका सकाळी तिनं पट्टी लावली आणि सगळ्यांत फिकं घर जुळलं. तिनं दुसरं रोप बघितलं, तिसरं बघितलं, मग पलीकडच्या कडेचं. मग ती जवळजवळ धावत घरी आली.

"बाबा, पिवळा पडला."

बाबा कांदा चिरत होते. त्यांनी सुरी खाली ठेवली, हात पुसले आणि तिच्यामागून आले. पायवाटेवर थांबले. रोपं गुडघ्याखाली होती, विरळ, एकमेकांपासून दूर दूर उभी; मधली माती दिसत होती.

"आता खरं बोलतोय?"

"हो."

"किती दिवस ठेवणार असा?"

"कायम."

बाबांनी पुन्हा एकदा सगळ्या वाफ्यावरून नजर फिरवली, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, ओळीनं.

"चांगलं झालं तुझं," ते म्हणाले. "पण मला हे रोज बघवायचं नाही. मी आपला पुढच्या दारानं येत-जात जाईन."

ते गेले. तिला पुढच्या वाफ्यावर जायचं होतं. पण ती तिथेच उकिडवी बसली आणि तिनं आणखी एका पानाला पट्टी लावून बघितली.